बार्शीची गाडी

बरेच दिवस काही लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही, पण आधी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग बँकेतलं ऑडिट, मग चिरंजीवांची परीक्षा... असो. आज लिहितेय ते एका फोनमुळे. विषय बायकांचा आहे, म्हणजे आपल्या घरात स्वयंपाकघरात कुजबुजत बोलतात त्यातला. काका, दादा, तुम्ही इथूनच पान बंद कराल हे मला माहीत आहे. करू नका. वाचा.

तर झालं असं की, दिवाळीनंतर एका रात्री साडेनऊला मावसभावाचा फोन आला. मावशीचं गाव येरमाळ्याजवळ, कळंब तालुक्यात. जिल्हा उस्मानाबाद, आता धाराशिव. (२०२३ साली नाव बदललं, पण माझ्या तोंडात अजून उस्मानाबादच येतं. लिहिताना दोन्ही येईल, सांभाळून घ्या.) भाऊ एरवी पाऊस, ऊस आणि तुळजापूरला कधी येतेस एवढंच बोलतो. त्या दिवशी आवाज बारीक होता. वहिनीला डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली होती.

वहिनीचं वय छत्तीस. दोन मुलं, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. वर्षभर अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखते. एका खाजगी दवाखान्यात दाखवलं. तिथे सोनोग्राफी झाली आणि निकाल मिळाला, "पिशवीला सूज आहे, तोंडाला जखम आहे. काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल." तारीखसुद्धा ठरली होती. भाऊ म्हणाला, "पैशाचं बघतो मी. पण ताई, तू म्हणशील तसं. तू पुण्यात असती."

मी कॉमर्सची. बँकेत नोकरी. पण आमच्या अख्ख्या खानदानात पुण्यात राहणारी माणसं म्हणजे अर्धे डॉक्टर, अर्धे वकील आणि गरज पडली तर मंत्रालयात ओळख असलेली. मी म्हटलं, दोन दिवस थांब. काहीच करू नका. मी विचारून सांगते.

कोणाला विचारणार होते देव जाणे. पण "कॅन्सर" हा शब्द आमच्या घरात नुसता शब्द नाही.

माझी थोरली आत्या १९९४ साली गेली. मी तेव्हा तेरा वर्षांची. किल्लारीचा भूकंप होऊन वर्ष होत आलं होतं, आमच्याकडे अजून लोक अंगणात झोपायचे. आत्या त्याआधी दोन वर्षं तुळजापूरला गेली नव्हती. नवरात्रात चालत जाणारी बाई, एकाएकी जायची थांबली. घरातल्यांना वाटलं काही नवस असेल, रुसवा असेल. कारण साधं होतं. पाळी जाऊन चार वर्षं झाल्यावर तिच्या परत अंगावर जायला लागलं होतं, आणि अशा अवस्थेत देवीला कसं जायचं म्हणून ती जात नव्हती. कपडे पहाटे अंधारात धुवायची. कोणाला सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. मुंबईला नेलं तेव्हा डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?" बाबांना या प्रश्नाचं उत्तर शेवटपर्यंत देता आलं नाही. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता, आणि तो पिशवीच्या बाहेर पसरला होता.

म्हणून त्या रात्री मी झोपले नाही, वाचत बसले. आणि वाचता वाचता एका ठिकाणी थबकलेच. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन हे जगातल्या सगळ्यात वजनदार वैद्यकीय नियतकालिकांपैकी एक. त्याच्या एप्रिल २००९ च्या अंकातला एक शोधनिबंध. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर टाळण्यासाठी कोणती तपासणी खरोखर जीव वाचवते, यावरचा. जरा खाली गेले तर जिल्ह्याचं नाव, उस्मानाबाद. मला आधी वाटलं दुसरं कुठलंतरी उस्मानाबाद असेल. मग बार्शी दिसलं. डॉ. भगवान नेने हे नाव दिसलं. आमच्याच शिवारातलं काम होतं हे.

बार्शी सोलापूर जिल्ह्यात, पण कळंब, वाशी, भूम, परंड्याच्या लोकांना बाजार असो, कापड असो की दवाखाना असो, बार्शीच जवळ. तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाचं नाव आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. पण त्याच गावात १९८७ साली खेड्यातल्या कॅन्सरची देशातली पहिली नोंदवही सुरू झाली, हे मला ठाऊक नव्हतं. आपल्याकडे जन्ममृत्यूच्या नोंदी धड होत नाहीत आणि ही माणसं बार्शी, परंडा, भूम तालुक्यांतल्या गावोगाव फिरून कोणाला कॅन्सर झाला, कोण कशाने गेलं, हे लिहून ठेवत होती. त्या नोंदींच्या जोडीने गावात समजावून सांगायचं कामही चाले, आणि नुसतं सांगितल्यानेसुद्धा बाया लवकर दवाखान्यात येऊ लागल्या, असं त्यांना दिसलं. नुसतं सांगितल्याने! मला आत्या आठवली.

मग १९९९ साली मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा, बार्शीचं रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, असं तिघांनी मिळून. लिऑनहून डॉ. शंकरनारायणन, टाटाचे डॉ. शास्त्री, बार्शीचे डॉ. नेने आणि त्यांचे बरेच सहकारी. जिल्ह्यातल्या खेड्यांचे ५२ गट पाडले. तीस ते एकोणसाठ वयाच्या, काहीही तक्रार नसलेल्या १,३१,७४६ बायका. बावन्न गटांचे चार भाग, प्रत्येकात तेरा. कोणता गट कशात जाणार ते नशिबावर, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं.

पहिल्या भागात एचपीव्ही विषाणूची तपासणी. दुसऱ्यात पॅप, म्हणजे पेशी काचेवर घेऊन दुर्बिणीखाली बघायच्या. तिसऱ्यात सगळ्यात स्वस्त पद्धत, पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिड (आपल्या व्हिनेगरमधलंच) लावायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते डोळ्यांनी बघायचं. चौथ्या भागात तपासणी नाही. या आजाराची माहिती द्यायची आणि तपासून घ्यायचं असेल तर कुठे जायचं ते सांगायचं, बस. या चौथ्या भागाकडे परत येईन. त्यानेच मला सगळ्यात जास्त छळलं.

सकाळी सातला मावशीला फोन लावला. मावशी आता अडुसष्टची. म्हटलं, मावशी, पंचवीसेक वर्षांपूर्वी तुमच्या गावात बायकांना तपासायला कोणी आलं होतं का?

"आगं व्हय की! बार्शीची गाडी यायची. तुला कुनी सांगितलं?"

आणि मग मावशी अर्धा तास बोलली. आधी बायाच घरोघरी आल्या. नाव, वय, लेकरं किती, लग्न कितव्या वर्षी झालं, सगळं लिहून घेतलं. चिठ्ठी दिली. शाळेत कॅम्प लावला होता, वर्गाला पडदे बांधले होते. तपासणारी नर्सबाईच होती म्हणून बायांनी तरी धीर केला. सासूबाईंचं मत, हे सगळं नसबंदीचं कारस्थान आहे, जायचं नाही. आमच्या काकांचं म्हणणं, तुला काय दुखतंय का, मग कशापायी जाती?

"मग तू कशी गेलीस?"

"तुझ्या आत्याचं बघितलं न्हवतं का मी," मावशी म्हणाली. "आमी सात-आठ जनी तोंडावर पदर घिऊन गेलो. आत गेल्यावर एकीला हसू आलं, मग सगळ्याच हसाय लागलो. ती नर्सबाई बी हसली."

मी विचारलं, आत काय केलं, आठवतं का? काही लावलं आणि लगेच सांगितलं की नंतर? मावशी म्हणाली, बारक्या ब्रशासारखं काहीतरी होतं, आणि लगोलग काही सांगितलं नाही, निकाल नंतर कळला, "चांगलं हाय" म्हणून. म्हणजे डोळ्यांनी बघण्याचा भाग नव्हे. पॅप असेल नाहीतर एचपीव्ही. आता कोणतं ते कळायला मार्ग नाही. पण माझी मावशी, जी अजून एसटीत खिडकीशी बसली तर उलटी होते म्हणून लिंबू हुंगत जाते, ती त्या शोधनिबंधातल्या एक लाख एकतीस हजारांपैकी एक आहे, हे कळल्यावर मला फोन धरूनच रडू आलं. तिला वाटलं माझंच काही दुखतंय.

आता निकाल. मला आकडे आवडतात, धंदाच तो. पण तुम्हाला फार छळत नाही.

एचपीव्हीवाल्या भागात ३४,१२६ बायका होत्या, चौथ्या, तपासणी नसलेल्या भागात ३१,४८८. आठ वर्षं नजर ठेवली. दोन्हीकडे कॅन्सर सापडले जवळजवळ सारखेच, १२७ आणि ११८. हे वाचून मी आधी निराशच झाले. मग पुढची ओळ वाचली. पुढच्या पायरीवर गेलेले, म्हणजे दुसऱ्या स्टेजचे आणि त्यापुढचे, एचपीव्हीवाल्यांत ३९ आणि तपासणी नसलेल्यांत ८२. मृत्यू ३४ आणि ६४. म्हणजे हजारी एक आणि हजारी दोन. तेही आयुष्यात एकदा, फक्त एकदा केलेल्या तपासणीने! पॅप आणि डोळ्यांनी बघण्याच्या भागांत मात्र तपासणी नसलेल्या भागाच्या तुलनेत ठामपणे म्हणता येईल असा फरक दिसला नाही.

अजून एक आकडा आहे, तो मला सगळ्यात मोलाचा वाटला. तपासणीत "काही नाही" असं ज्यांना सांगितलं, त्यांना पुढे कॅन्सर किती झाला? लाख बायकांवर वर्षभर नजर ठेवली असं धरलं, तर एचपीव्हीवाल्यांत साडेतीन-चार जणींना, आणि पॅप किंवा डोळ्यांनी बघितलेल्यांत पंधरा-सोळा जणींना. म्हणजे एचपीव्ही तपासणीने "चांगलं हाय" म्हटलं तर त्या म्हणण्यावर बरंच विसंबता येतं. आपल्याकडे बाई एकदा मोठ्या मुश्किलीने पडद्याआड जाते. दर तीन वर्षांनी ये म्हटलं तर ती येत नाही, हे मला अभ्यास न करताही सांगता येईल.

असं का होतं ते मी आमच्या सोसायटीतल्या एका डॉक्टरताईंना विचारलं. (हो, शेवटी त्यांनाच गाठलं, लिफ्टमध्ये.) त्या म्हणाल्या, हा कॅन्सर जवळजवळ नेहमीच एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. ते शोधून काढणाऱ्या हॅराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेक बायकांना कधी ना कधी येऊन जातो. तो आला म्हणजे कोणाचं चारित्र्य खराब, असलं काही नाही. बहुतेकींच्या अंगातून दीड-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्याजणींत मुक्काम करतो, आणि मुक्काम केला तरी कॅन्सर व्हायला दहा-वीस वर्षं लागतात. म्हणून तपासणी तिशीनंतर. मुक्कामाला राहिलेला पाहुणाच शोधायचा असतो. पॅपमध्ये काचेवरच्या पेशी वाचणारं माणूस तयारीचं लागतं, डोळ्यांनी बघायला तर नजरच तयार लागते. विषाणूची तपासणी यंत्र करतं, त्यात कोणाच्या नजरेवर अवलंबून राहावं लागत नाही.

आणि त्यांनी बजावून सांगितलं की विषाणू सापडला म्हणजे कॅन्सर नव्हे. उस्मानाबादच्या अभ्यासात शंभरातल्या दहाजणींना विषाणू सापडला होता. प्रत्यक्षात उपचार करावा अशी खराबी झाली होती ती जेमतेम एकीला. बाकीच्यांना नीट बघून घरी पाठवायचं, पुन्हा काही काळाने तपासायचं. ज्यांना खराबी आहे त्यांचा तेवढाच भाग गोठवून किंवा कापून काढायचा. पिशवी जागच्या जागी राहते.

पिशवी! म्हणजे मूळ मुद्द्याला आलो.

मी विचारलं, मग आमच्या वहिनीला जे सांगितलं ते? ताईंनी डोक्याला हात लावला. म्हणाल्या, पांढरं जाणं हे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाचं लक्षण, गोळ्यांनी जातं. "तोंडाला जखम" म्हणतात ती पुष्कळदा जखमच नसते. तपासणी न करता कॅन्सरची भीती घालून छत्तिसाव्या वर्षी पिशवी काढायची म्हणजे... पुढचं त्या बोलल्या नाहीत, डॉक्टर डॉक्टरविषयी बोलत नाहीत. पण मला बीडचं आठवलं. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांची माहिती घेतली होती. त्यातल्या १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या होत्या. पाळीमुळे खाडे नकोत, मुकादमाचा दंड नको हे एक कारण, आणि "कॅन्सर होईल" ही भीती दुसरं. बीड आम्हाला लागूनच आहे. आमच्याही तालुक्यांतून कोयते जातात.

मला याचाच राग येतो. कॅन्सर कसा टाळायचा याचं उत्तर त्याच मातीत, त्याच बायकांनी पदर तोंडावर घेऊन मिळवून दिलं, आणि त्याच बायकांना त्याच कॅन्सरची भीती घालून पोट फाडून घ्यायला लावायचं.

उत्तराचं पुढे काय झालं? बाहेर बरंच झालं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या शिफारशींत एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती दिली, तिशीपासून दर पाच ते दहा वर्षांनी. नमुना बाईने स्वतःचा स्वतः घेतला तरी चालतो, हेही त्यात आहे. (पडदा नको, नर्स नको. मावशीच्या सासूबाई असत्या तर त्यांनाही पटलं असतं. नसतंही.) आणि लशीच्या बाबतीत तर बार्शी दुसऱ्यांदा कामी आली. २००९ मध्ये देशातल्या अनेक ठिकाणी मुलींना या विषाणूवरच्या लशीचे दोन की तीन डोस द्यावेत हे बघायचा अभ्यास सुरू झाला, बार्शी त्यातलं एक केंद्र. २०१० मध्ये सरकारने अशा सगळ्या चाचण्या मध्येच थांबवल्या आणि हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. त्या मुलींवर नजर ठेवली तर दहा वर्षांनंतरही एकाच डोसचं संरक्षण जवळजवळ तितकंच टिकलेलं. एक डोस पुरतो हे जगाने मान्य केलं त्यात या मुलींचा मोठा वाटा आहे. आता तर पुण्याच्या सिरमची देशी लसही २०२३ पासून आली आहे. वहिनीची मुलगी अकरा वर्षांची आहे, तिचं मी डोक्यात ठेवलंय.

आणि आपल्याकडे? २०१६ साली केंद्र सरकारने जी चौकट आखली, त्यात तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी तपासणी आहे, पण डोळ्यांनी बघण्याची. कारण समजण्यासारखं आहे. प्रयोगशाळा लागत नाही, पैसे लागत नाहीत, निकाल तिथल्या तिथे. आणि मुंबईच्या वस्त्यांत आणि तमिळनाडूत दिंडीगुलला याच पद्धतीने मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झालेले दिसले होते. तेव्हा ती पद्धत टाकाऊ म्हणण्याइतकी मी शहाणी नाही. पण तीही होते कुठे? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांना विचारलं, तुमची अशी तपासणी कधीतरी झाली आहे का. शंभरात दोघीसुद्धा हो म्हणाल्या नाहीत. १.९ टक्के.

म्हणजे आपण जवळजवळ सगळ्या अजून त्या चौथ्या भागातच आहोत. आणि "आपण" म्हणताना माझ्या लक्षात आलं की मी चव्वेचाळीसची, पुण्यात राहणारी, बँकेचा आरोग्य विमा असलेली, आत्या या आजाराने गेलेली... माझीही तपासणी कधी झालेली नाही. कारण तेच, काकांनी विचारलेलं. मला काय दुखतंय का?

आता त्या चौथ्या भागाविषयी. चौसष्ट बायका. माझं घरगुती गणित असं की, त्यांच्याकडे पहिल्या भागासारखी तपासणी झाली असती तर त्यातल्या तीसेकजणी वाचल्या असत्या. यावर डॉक्टरांमध्ये पुढे बराच वाद झाला, इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्समध्ये २०१३-१४ च्या सुमारास लेख आले. एका बाजूचं म्हणणं, तपासणीचा उपयोग आधीच माहीत होता, मग हजारो बायकांना तिच्याविना ठेवून कोण कधी मरतं हे मोजायचं, हे बरोबर नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, त्यावेळी आपल्या खेड्यांत तपासणी मुळात नव्हतीच, कोणाचं काढून घेतलं नाही. आणि तुलना केली नसती तर एकदाच केलेली पॅप आपल्याकडे पुरत नाही हे कळलंच नसतं, सरकारने पैसा तिकडे ओतला असता.

मला दोन्ही पटतं आणि दोन्ही पटत नाही. मावशीशी बोलताना मी ती चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितली. सांगायला नको होती बहुतेक. मावशी गप्प झाली. मग म्हणाली, "म्हनून नदीपल्याडच्या गावात न्हाई आली गाडी. आमी म्हनायचो, त्यांचा सरपंच कामाचा न्हाई." थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. "चिठ्ठ्या टाकल्या व्हय," ती परत म्हणाली. रागाने नाही, म्हणजे मला तरी तसं वाटलं नाही. मी तिला समजावायला लागले की तसं केल्याशिवाय खरं कळत नाही. तर ती म्हणाली, "ते कळलं मला. पन कळल्यावर तरी सगळीकडं पाठवायची का न्हाई गाडी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. २००९ पासून मोजा वर्षं.

तर, वहिनी. ठरलेली तारीख रद्द केली. भाऊ जरा कुरकुरला, कारण "डॉक्टरांना काय वाटंल." मी रजा टाकून गेले, वहिनीला घेऊन बार्शीला एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी नीट बघितलं, नमुना घेतला, गोळ्या दिल्या. वहिनी टेबलावरून उतरली आणि म्हणाली, "एवढंच? ह्याच्यासाठी मी चार रात्री झोपले नाही?" आठ-दहा दिवसांनी निकाल आला, विषाणू नाही. पांढरं जाणंही थांबलंय. कंबर अजून दुखते, पण ती चार घागरी पाणी आणि कापसाच्या ओझ्याची आहे, तिला गोळी नाही.

बाईंनी एक गोष्ट मात्र दोनदा सांगितली, ती इथे लिहायलाच हवी. ही तपासणी काही होत नसलेल्या बायकांसाठी आहे. पाळी गेल्यावर परत अंगावर जात असेल, संबंधानंतर रक्त जात असेल, मधेच जात असेल, तर कॅम्पची किंवा निकालाची वाट बघत बसायचं नाही, सरळ दाखवायचं.

माझाही नमुना त्याच दिवशी दिला. खर्च एका बऱ्यापैकी साडीएवढा आला, आणि वेळ त्या साडीच्या खरेदीपेक्षा कितीतरी कमी. माझा निकाल मात्र "विषाणू आहे" असा आला. हो. हे आईला मी अजून सांगितलेलं नाही, आई, तू हे वाचत असशील तर आधी पाणी पी. कॅन्सर नाही. पुण्यात परत आल्यावर दुर्बिणीतून तपासणी झाली, त्यात काही खराबी दिसली नाही, वर्षाने पुन्हा तपासायचं आहे. निकाल येऊन ती तपासणी होईपर्यंतचे नऊ दिवस मात्र मी शंभरातल्या दहाजणी आणि त्यातली एक हे गणित किती वेळा मांडलं ते विचारू नका. ह्यांनी शेवटी कॅल्क्युलेटर लपवला.

आत्याचं वय कळलं तेव्हा बावन्न होतं. तिला पांढरा डाग, ब्रश, यंत्र यातलं काही मिळालं असतं तर... असो.

मावशीने दरम्यान गावभर बातमी केली आहे. सूनबाईची पिशवी वाचली, पुण्याच्या पोरीनं बार्शीला नेलं. आता रोज फोन येतो. शेजारची, तिची जाऊ, अंगणवाडीच्या ताई. नदीपल्याडच्या गावातून मावशीच्या नणंदेची सून. संक्रांतीनंतरच्या शनिवारी भावाने जीप सांगितली आहे. तपासणीचे पैसे ज्यांना जमत नाहीत त्यांचे आम्ही तिघं मिळून बघतोय, तुमच्यापैकी कोणाला त्यात यायचं असेल तर मला फोन करा, इथे लिहू नका. गाडीत ड्रायव्हर धरून नऊ माणसं बसतात. आत्तापर्यंत सहा नावं आली आहेत, सातवीचा नवरा अजून हो म्हणायचा आहे.